देवी येऊन गेलेली बाई

माझ्या आत्याचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला होता. नव्या पिढीला हे नुसतं सांगून कळत नाही. देवीचा रोग जाऊन इतकी वर्षं झाली, की ज्यांच्या दंडावर टोचल्याची खूणसुद्धा नाही अशी माणसं आता मुलांची लग्नं जमवायला निघालीत. आत्या स्वतः म्हणायची, "टाकी लावलेलं जातं बघितलंस का? तसं माझं तोंड." आणि मोठ्याने हसायची. पण असं हसणं तिला जन्मतः नव्हतं. ते तिने घाटकोपरच्या खाणीत कमावलं. त्याचीच ही गोष्ट. यातलं थोडं तिने मला सांगितलं, थोडं आईने, आणि बरंचसं ती ज्यांच्याकडे कामाला होती त्या डॉक्टर उत्तरा कर्णिकांनी.

तिचं नाव वनमाला परब. कणकवलीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. ती लहान असताना तिथे देवीची साथ आली. घरात तेव्हा ती आणि तिच्या पाठचा सहदेव अशी दोन मुलं होती. दोघांनाही देवी आल्या. कडुनिंबाचा पाला अंथरून दोघांना एकाच खोलीत निजवलं. सहदेव गेला. आत्या उठली, पण निजली होती तो चेहरा घेऊन उठली नाही. मोठे भाऊ गुणाजी, म्हणजे माझे बाबा, तेव्हा आजोबांबरोबर मुंबईत होते, म्हणून वाचले.

आजी-आजोबा गेल्यावर बाबांनी तिला मुंबईला आणलं. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते आणि घाटकोपरला, डोंगराच्या अंगाला, एका बैठ्या चाळीत राहायचे. आल्या आल्या त्यांनी तिच्या लग्नाचं मनावर घेतलं. लोक बघायला यायचे. आत्या पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली की बोलणं मध्येच तुटायचं, मग पाहुणे हवापाण्याच्या गोष्टी करत चहा संपवायचे आणि "कळवतो" म्हणून निघून जायचे. कळवायचं कोणीच नाही. एकदा पाहुणे गेल्यावर तिने खरकट्या बश्या गोळा केल्या आणि बाबांसमोर उभी राहिली.

"दादा, आता पोहे पुरे. मला नोकरी बघ."

"अगो, पण..."

"पण-बिण काही नाही. लोकांनी माझं तोंड बघून जायचं आणि वर वहिनीने त्यांची खरकटी काढायची? कामाला लागले तर निदान पगार मिळेल."

माझ्या आईनेच तिला डॉक्टर कर्णिकांकडे नेलं. स्टेशनजवळ त्यांचं छोटंसं सूतिकागृह होतं. खाली दवाखाना आणि वर बाळंतिणींच्या मोजक्या खाटा. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, करड्या आवाजाच्या. त्यांनी आत्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले, नखं पाहिली आणि उद्यापासून ये म्हणाल्या. चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही.

शब्द काढले ते बाळंतिणींच्या सासवांनी. पहिल्याच आठवड्यात एका आजीबाईंनी आत्याला येताना पाहून नातवाच्या अंगावर घाईघाईने पदर ओढला. "हिच्या हातात नको हो बाळ द्यायला. एवढंसं लेकरू, काही लागलं-बिगलं तर?"

आत्या म्हणाली, "आजी, हे वण लागट नाहीत. लागट होतं ते कधीच गेलं."

आजीबाईंना ते पटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं, एकदोन जणींना तर दरडावलंही. पण बाळंतीण रडायला लागली की त्यांचाही नाइलाज व्हायचा. शेवटी आत्यानेच मागून घेतलं, की मी कपडे आणि भांडी बघते, वर कमी येते. तेव्हापासून मागच्या पडवीतला चुलाणा, त्यावरचं मोठं पातेलं आणि उकळत्या पाण्यातल्या चादरी हे तिचं राज्य झालं. डॉक्टरीणबाई सांगायच्या, की शस्त्रं उकळताना ती कधी घाईने झाकण काढायची नाही. इतकी वर्षं तिथे बाळंतपणं झाली, पण बाळंतरोगाने एकही बाई दगावली नाही, आणि यात माझ्याइतकाच तिचा वाटा आहे, असं त्या कोणालाही सांगत. आत्याला मात्र ते तेव्हा खरं वाटत नव्हतं. ती मान खाली घालून यायची आणि मान खाली घालून जायची.

सत्तावन्न सालचा फ्लू ओसरून काही महिने झाले नाहीत तोच, अठ्ठावन्नच्या सुरुवातीला, देवीची साथ सुरू झाली. आधी शहरात, मग उपनगरांत. म्युनिसिपालिटीची माणसं गल्लोगल्ली टोचत फिरू लागली. आमच्या चाळीपलीकडे टेकडीच्या पोटात दगडाच्या खाणी होत्या आणि खाणीच्या तोंडाशी दगड फोडणाऱ्यांची वस्ती. सोलापूरकडून आलेले लोक, पत्र्याची आणि गोणपाटांची खोपटी. तिथे देवी आल्यात अशी कुजबुज होती. वस्तीतले लोक मात्र कबूल करत नव्हते. कबूल केलं की गाडी येणार आणि माणसाला आर्थर रोडच्या साथीच्या दवाखान्यात नेणार, आणि तिथे गेलेला परत येत नाही अशी त्यांची पक्की समजूत.

एका सकाळी खाणीतला एक तरुण गडी धावत सूतिकागृहाच्या दाराशी आला. हणमंता त्याचं नाव. तो पायरीखालीच उभा राहिला.

"बाई, माझी बायको अडलीय. कळा सुरू झाल्यात."

"मग घेऊन ये ना तिला. वाट कसली बघतोस?"

हणमंता एक पाऊल मागे सरला. मग म्हणाला, "तिच्या अंगावर देवी आल्यात."

वर न टोचलेली तान्ही बाळं निजली होती. या बाईला आत घेणं म्हणजे त्या सगळ्यांच्या उशाशी रोग नेऊन ठेवणं. गाडीने आर्थर रोडला न्यायला वेळ राहिला नव्हता. त्यांना तिच्याकडेच जावं लागणार होतं. त्या स्वतः दर साथीत टोचून घ्यायच्या, त्यांना भीती नव्हती. पण अशा बाळंतपणाला दुसरी दोन हातांची बाई हवी, आणि त्यांची सुईण सुहासिनी स्वतःच गरोदर होती. ती तयार झाली, तरी बाईंनी तिला साफ नाही म्हटलं.

पडवीतून आत्या पुढे आली. हात पुसत म्हणाली, "बाई, मी आले तर?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक आहे ना, तिथे काय आहे?"

"ठाऊक आहे. मी त्यातून आलेय. पण मला परत होईल का हो? खरं सांगा."

"खरंच सांगते. या रोगाचा विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही, इतका बारीक. तो एकदा तुझ्या अंगात शिरला आणि तुझं शरीर त्याच्याशी लढून जिंकलं. ती ओळख रक्त विसरत नाही. पुन्हा आला तर दारातच अडवतं. टोचतो तेव्हा आम्ही दुसरं काय करतो? गाईच्या देवीची सौम्य लस देऊन रक्ताला तीच ओळख करून देतो. पण तुझ्याइतकी पक्की ओळख माझ्या रक्तालाही नाही. आज या घाटकोपरात त्या खोपट्यात शिरायला तुझ्याएवढं निर्धास्त माणूस शोधून सापडणार नाही."

आत्या सांगायची, "मला वाटलं, बाई मला बरं वाटावं म्हणून बोलतायत. पण बाई कोणाला बरं वाटावं म्हणून कधी बोलायच्या नाहीत. म्हणजे खरंच असणार." इतकी वर्षं लोकांनी तिच्या चेहऱ्यावरून तिला मागे सारलं होतं. आज त्याच चेहऱ्यामुळे कोणी तिला पुढे बोलावत होतं. तिने चुलाण्यावरचं पातेलं उतरवलं, उकळलेली फडकी गाठोड्यात बांधली आणि बाईंच्या पुढे चालू लागली.

खोपट्याच्या दाराला कडुनिंबाची डहाळी लावली होती. आत काळोख, आणि देवीचा तो वास. आत्याला तो लहानपणापासून माहीत होता. तरी ती आत गेली. हणमंताची बायको गंगव्वा गोणपाटावर पडली होती. तोंडावर, हातांवर फोड टरारलेले. वस्तीतली एकही बाई जवळ नव्हती. आत्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं तशी गंगव्वाने डोळे किलकिले करून वर पाहिलं.

"तुला पण आल्या होत्या?" तिने विचारलं.

"आल्या होत्या. बघ की, जिवंत आहे ना मी? आता बोलू नको, कळ दे."

दुपार कलताना गंगव्वा मोकळी झाली. मुलगी झाली, किडकिडीत पण टिपेला रडणारी. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे त्या एवढ्याशा दंडाला लस टोचली. मग त्यांनी गंगव्वाचा दंड दिव्याजवळ धरला आणि आत्याला बोट ठेवून दाखवलं. लहानपणी टोचल्याची एक पुसट खूण होती. "जुनी झाली, म्हणून रोग अडवू शकली नाही. पण हिच्या जिवाची आशा आहे ती याच खुणेमुळे," त्या म्हणाल्या.

बाईंना दुसऱ्या बाळंतिणी होत्या, अंघोळ करून, कपडे बदलून त्यांना परत जाणं भाग होतं. ओल्या बाळंतिणीला गाडीतून आर्थर रोडला हलवणं धोक्याचं होतं, म्हणून आत्या मागे राहिली. खपल्या पडेपर्यंत गंगव्वाजवळ कोणीतरी हवं होतं, आणि बाळाला आईपासून दूर ठेवून सांभाळायचं होतं. शेजारचं एक रिकामं खोपटं तिने झाडून घेतलं. शेळीचं दूध उकळायचं, पाणी घालून कोमट करायचं आणि कापसाच्या बोळ्याने बाळाच्या तोंडात पिळायचं. गंगव्वाला पेज भरवायची, फोड पुसायचे, फडकी जाळायची, हात कार्बोलिक साबणाने धुवायचे आणि मग बाळाकडे जायचं. आत्याच्या हातात बाळ द्यायला आता कोणाचीच हरकत नव्हती.

बाबांना हे कळलं तेव्हा ते कारखान्यातून तसेच वस्तीकडे गेले. आत जायला मनाई होती. खाणीच्या काठावर उभे राहून ओरडू लागले. दोघं चिडली की मालवणीवर यायची.

"गो वनू! आधी घराक चल!"

"येतंय रे दादा, हयचा काम झाला काय येतंय!"

"आणि तुका काय झाला तर?"

"माका काय एक होवचा नाय! माझा काय ता आधीच होवन गेला!"

हे ऐकून खालचे दगडफोडे हसले. बाबांनाही हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवसापासून आई भाकरी-भाजीचं फडकं बांधून द्यायची, बाबा ते काठावरच्या दगडावर ठेवून यायचे.

याच दिवसांत म्युनिसिपालिटीचा टोचणारा वस्तीत आला. जयवंत त्याचं नाव, लोक त्याला देवीडॉक्टर म्हणायचे. खांद्याला बर्फात ठेवलेल्या लशीचा डबा, हातात स्पिरिटचा दिवा आणि टोचायची दातेरी चकती. ती चकती दंडावर टेकवून फिरवली की कातडी सोलवटायची, मुलं किंचाळायची. त्याला बघताच वस्तीतल्या बायका पोरं काखोटीला मारून टेकडी चढू लागल्या. दुर्गव्वा नावाची म्हातारी वाट अडवून उभी राहिली. सगळी वस्ती तिच्या शब्दाबाहेर नसायची.

"आमच्या पोरांना हात लावायचा नाही. देवीला राग येतो. आधीच ती कोपलीय."

जयवंत हताश होऊन डबा खाली ठेवणार, तोच आत्या पुढे आली.

"दुर्गव्वा, माझ्याकडे बघ. देवी माझ्या घरी येऊन गेली. तिची पूजा तू करतेस, तशी मीही करते. पण आज तुला एक सांगते, जे मी आमच्या चाळीतही कोणाला सांगितलं नाही. आमच्या गावात असाच टोचणारा आला होता. आमच्या आजीने मला आणि माझ्या धाकट्या भावाला गोठ्यात, गवताच्या गंजीमागे लपवलं. तिला आमच्यावर माया नव्हती असं नाही, तुझ्यासारखीच होती. टोचणारा हाका मारून निघून गेला. पुढल्या पावसाळ्याआधी देवी आल्या. माझा भाऊ गेला. तो तेव्हा नीट बोलायलाही शिकला नव्हता. आजी मरेपर्यंत त्या गोठ्यात पाऊल टाकत नव्हती."

आत्या पुढे म्हणाली, "गंगव्वाच्या दंडाला एक जुनी खूण आहे. जा, विचार तिला. तिच्या आईने तिला टोचून घेतलं होतं. म्हणून ती आज पेज मागून खातेय. देवी आली तर तिला नमस्कार करू. पण येण्याआधी पोरांच्या अंगात बळ भरून ठेवायला देवी नाही म्हणत नाही."

म्हातारी गंगव्वाच्या दाराशी गेली. बाहेरूनच दोघींचं कानडीत काहीतरी बोलणं झालं. परत आली ती चोळीची बाही वर सरकवत. "आधी मला," ती जयवंतला म्हणाली. "मला काही झालं नाही तर पोरांना."

"त्याला थांबायला वेळ नाही, दुर्गव्वा," आत्या म्हणाली. "आजच सगळ्यांना."

म्हातारीने तिच्याकडे रोखून पाहिलं, मग टेकडीकडे तोंड करून अशी हाक मारली की वर गेलेल्या बायका एकेक करून खाली उतरू लागल्या. आत्या एका सपाट दगडावर बसली. पोर मांडीवर घ्यायचं, एका हाताने त्याचा दंड धरायचा, दुसऱ्या हाताने तोंड आपल्याकडे वळवायचं आणि त्याला म्हणायचं, माझ्या तोंडावरचे खड्डे मोज बघू. पोरं मोजायला लागायची आणि जयवंतची चकती फिरून व्हायची. संध्याकाळपर्यंत लशीचा डबा रिकामा झाला.

तरी काम संपलं नव्हतं. काही खोपट्यांत आजारी माणसं लपवलेली होती. आत्या दारोदार गेली. तिला कोणी "आत येऊ नको" म्हणू शकत नव्हतं. एक बाप आणि त्याची दोन मुलं एका पडद्यामागे सापडली. आर्थर रोडचं नाव काढताच मुलांची आई रडू लागली.

"मी यांच्याबरोबर गाडीत बसते," आत्या म्हणाली. "तिथे कसं ठेवतात ते बघते आणि परत येऊन तुला सांगते. मी परत आले नाही तर मग माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

गंगव्वाला हणमंताच्या आणि बाळाला दुर्गव्वाच्या हवाली करून ती गाडीत बसून गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. खाटा स्वच्छ आहेत, दूध मिळतं, मुलं शेजारी शेजारी आहेत, असं तिने त्या आईला सांगितलं. त्यानंतर वस्तीत लपवालपवी थांबली. त्या तिघांतला बाप वाचला नाही. दोन्ही मुलं वाचली. बापाच्या दहाव्याला आत्या त्या घरी जाऊन बसली, आणि तिला कोणी दोष दिला नाही.

उन्हाळा तापला तसे नवे रोगी बंद झाले. गंगव्वाच्या खपल्या पडल्या. तिच्या गालांवर खळगे राहिले, पण डोळे शाबूत राहिले. बाळाच्या दंडावरची लस उठली, पिकली, सुकली आणि बाळाला दुसरं काही झालं नाही. सूतिकागृहातल्या एकाही तान्ह्यापर्यंत रोग पोचला नाही.

आत्या घरी निघाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला वस्तीतच अंघोळ करायला लावली, अंगावरचं लुगडं जाळलं आणि नवं कोरं हिरवं लुगडं दिलं. चाळीत शिरताना ती जरा बिचकली. लोक दारं लावून घेतील असं तिला वाटत होतं. काहींनी लावलीही. पण माझी आई उंबऱ्यावर भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने आत्यावरून तो ओवाळून टाकला आणि मोठ्याने, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या वन्संनी अख्खी खाण वाचवली! या हो वन्सं, आत या." बाबांनी त्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले. काय झालं विचारलं की म्हणायचे, "बहीण जिंकून आली." कुठली लढाई ते सांगायला त्यांना जेवणाची सुट्टी पुरायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी म्युनिसिपालिटीत शब्द टाकला. जयवंतनेही आपल्या साहेबाला सांगितलं, की मला ही बाई जोडीला द्या, मग मी उपनगरातलं एक घर सोडणार नाही. बायकांच्या दंडाला परक्या पुरुषाने हात लावायचा, यावरूनच निम्मी भांडणं व्हायची. आत्या जयवंतच्या हाताखाली राहून शिकली. लस बर्फातून कधी काढायची, चकती तापवल्यावर किती निवू द्यायची, हात किती हलका ठेवायचा. तिचा हात इतका हलका पडायचा, की पोरांच्या आया जयवंतला बाजूला सारून तिच्यापुढे रांग लावायच्या. जयवंत हसून डबा तिच्याकडे सरकवायचा. घाटकोपर झालं, मग विक्रोळी, मग मुलुंड. ती आता मान वर करून चालायची. पांढरं लुगडं, पायात वहाणा, खांद्याला डबा. लोक चेहऱ्याकडे बघायचे, पण आता ती त्यांच्याकडे परत बघायची.

एकोणसाठ साली म्युनिसिपालिटीने तिला नोकरीत कायम केलं. त्याच वर्षी मुलुंडला टोचणाऱ्यांच्या नव्या तुकडीला शिकवायचं ठरलं. एका शाळेच्या वर्गात पंचवीस-तीस मुलं-मुली बाकांवर बसली होती, काही तर मॅट्रिक झालेली. साहेब म्हणाले, "या वनमालाबाई परब. यांच्याकडून शिका." बाबा त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून वर्गाच्या खिडकीबाहेर उभे होते. आत्याने डबा टेबलावर ठेवला, सगळ्यांना आपला चेहरा नीट दिसेल अशी उजेडात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चला, आधी साबणाने हात धुवून या. मग शिकवते."